जुनेराची वंशावळ

वऱ्हाडात लुगडं टाकून देत नसत. नवं असताना ते सणावाराला, मग बाजाराला, मग वावरात. नेसून नेसून मधोमध विरलं की विरलेला भाग कापून काढायचा आणि धड राहिलेले दोन तुकडे जोडायचे. असं दंड घातलेलं लुगडं आणखी काही महिने अंगावर निघे. त्यानंतर त्याचं धडपं होई, धडप्यातून गोधडीचा थर आणि बाळाचं दुपटं निघे. सगळ्यात मऊ, सगळ्यात विरलेला, पण अजून न फाटलेला भाग बाळाच्या लंगोटासाठी बाजूला काढून पेटीत ठेवत. लंगोट संपला की पोतेरं, आणि पोतेरं संपलं की चूल पेटवायचा बोळा. म्हणजे बाळाच्या अंगाला कापड लागे ते त्या कापडाच्या आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात. त्याची किंमत आजीनं कधीच फेडलेली असे. कमी खर्चात बाळ वाढवण्याची ही रीत कुणी ठरवून घातलेली नव्हती. घरात सुती कापड होतं आणि ते जुनं होत होतं, त्यातूनच ती आली.

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. वणी, राळेगाव, केळापूर, दारव्हा, घाटंजी, कोणत्याही बाजूनं जिल्ह्यात शिरा, दिवाळीच्या सुमारास रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बोंडं फुटलेली दिसतात. आणि याच जिल्ह्यात आज बाळंतपण जवळ आलं की चांगलं सुती जुनेर शोधावं लागतं. माणसं म्हणतात, डायपरच्या जाहिराती आल्या आणि लंगोट गेला. मला हे पटत नाही. डायपरची पाकिटं गावच्या किराणा दुकानात लटकायला लागली त्याच्या पुष्कळ आधी लंगोटाखालची जमीन सरकली होती. लंगोटाचा मागोवा घ्यायचा तर पाळण्यापाशी थांबून भागत नाही, आजीच्या अंगावर कोणतं कापड होतं तिथवर मागं जावं लागतं.

आधी जुन्या कापडाचं मोल कशात आहे ते पाहू. कापसाच्या तंतूवर निसर्गतःच मेणाचा पातळ थर असतो, आणि विणताना सुताला खळ लावतात. त्यामुळे कोरं कापड पाणी लवकर धरत नाही. मांजरपाटाचा नवा तुकडा पाण्यावर टाकून पाहा, थोडा वेळ तो तरंगतो. धुऊन, उकळून, आपटून, उन्हात वाळवून हे मेण आणि खळ निघून जाते, सूत फुलतं, विणीत हवा शिरते आणि मग कापड ओल खेचून घेतं. शेकडो वेळा धुतलेल्या लुगड्यात हे सगळं आपोआप झालेलं असे. त्यात रंगही फारसा उरलेला नसे, म्हणजे बाळाच्या कातडीला लागायला काही शिल्लक नसे. बाळाला पहिले काही दिवस नवं कापड घालायचं नाही, ही जुन्या बायकांची रीत होती. तिच्यामागे सटवाईची भीती असेल, दृष्टीची असेल, पण तिनं बाळाचं भलंच केलं.

आता वंशावळीचं मूळ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या भागात कापूस पिकायचा, घरोघरी बायका सूत काढायच्या आणि गावातच ते विणलं जायचं. कोष्ट्यांकडे किनारीची लुगडी आणि बारीक वाण, तर जाडंभरडं रोजचं कापड पुष्कळदा महार विणकरांच्या मागावरचं. वणीकडच्या आणि वर्धा नदीच्या खोऱ्यातल्या ‘बनी’ कापसाचं नाव दूरवर होतं. बाजारात तो हिंगणघाटी म्हणूनही ओळखला जाई. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेना आणि वऱ्हाडी कापसाचा भाव चढला. आजचा यवतमाळ जिल्हा, तेव्हाचा वणी म्हणजे इंग्रजांच्या दप्तरातला ‘वून’ जिल्हा, १८६४ मध्ये आखला गेला तो याच तेजीच्या दिवसांत. १९०५ मध्ये त्याला यवतमाळ हे नाव मिळालं आणि पुसद तालुका त्याला जोडला गेला.

हॅरी रिव्हेट-कार्नॅक हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचा कापूस आयुक्त. त्याचा हिशेब त्यानं लपवला नव्हता. रेल्वे आली की विलायती कापड इतकं स्वस्त पोचेल की इथला विणकर मागे पडेल, आणि सूत काढण्यात, विणण्यात गुंतलेले हात कापूस पिकवायला मोकळे होतील. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. १९०३ मध्ये मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी सुरू झाली. तीच पुढे शकुंतला. किलिक निक्सन कंपनीच्या कारभारातल्या या गाडीचं मुख्य काम एकच होतं, दारव्हा-यवतमाळकडच्या कापसाच्या गाठी मोठ्या रेल्वेपर्यंत नेणं. शकुंतलेबद्दल आपल्याकडे फार हळवेपणानं लिहिलं जातं. तिची शिट्टी, तिची संथ चाल, १९२१ सालचं तिचं वाफेचं इंजिन. त्या हळवेपणात हे विसरतं की ती जिल्ह्याचा कापूस बाहेर नेणारी गाडी होती. कापूस गेला, त्याचं कापड परत आलं, आणि मधली कमाई भलतीकडे राहिली.

तरीही बाळाच्या बाजूनं पाहिलं तर या काळात नुकसान झालं असं मी म्हणणार नाही. हातमागाचं जाडं कापड ओल भरपूर धरे पण सुकायला वेळ घेई. गिरणीचं कापड पातळ, चार घड्या घालता येणारं आणि लवकर वाळणारं. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली आणि गिरणीचं कापड वऱ्हाडच्या हाताशी आलं. लुगडं हातमागाचं असो की गिरणीचं, होतं सुतीच. साखळी तुटली नव्हती. जे तुटलं ते विणकराचं पोट, आणि सूत काढणाऱ्या म्हातारीची चार पैशांची मिळकत. त्यातलेच कितीतरी महार विणकर पुढे एम्प्रेस मिलच्या खात्यांत कामगार म्हणून उभे राहिले.

लंगोटाचा इतिहास सांगताना धुणाऱ्या हातांना वगळलं तर तो खोटा होईल. बाळंतिणीच्या खोलीतलं कापड विटाळाचं. ते पहिल्या दहा-बारा दिवसांत धुवायचं काम वरठिणीकडे किंवा दाईकडे. वऱ्हाड-नागपूरकडे परटाला वरठी म्हणतात. दुसऱ्याची घाण धुतो म्हणून त्याला खालचा मानायचं आणि त्याच्याशिवाय बाळंतपण मात्र पार पडत नसे, असा तो व्यवहार. मोबदला म्हणून सुगीला जोंधळ्याचा वाटा, बारशाला एखादं लुगडं नाहीतर चोळीचा खण. धुवायला साबण नव्हता. लाकडाची राख, खारी माती, रिठे, हिंगणबेटाचा गर. राखेचं पाणी अल्कधर्मी असल्यानं तेलकटपणा आणि डाग सोडवतं, आणि उकळत्या पाण्यात बुडवलं की जंतूही मरतात. रसायनाचं नाव माहीत नसताना ते वापरणाऱ्या या बाया होत्या. गाडगेबाबा याच परीट समाजातले. १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेला हा माणूस अंगावर चिंध्या घालून गावोगाव झाडू मारत हिंडला. दुसऱ्याचे कपडे धुणाऱ्या घरातून स्वच्छतेचा एवढा मोठा शिक्षक यावा, याचं मला नवल वाटत नाही. मळ कुठे साचतो आणि तो कुणाच्या हातानं निघतो, हे त्या घराला पिढ्यान्पिढ्या माहीत होतं.

बारा दिवसांनंतर हेच काम घरातल्या बाईवर येई. आई ओली बाळंतीण असेतो सासू किंवा माहेरी असेल तर तिची आई, नाहीतर थोरली लेक, आठ-नऊ वर्षांची. लहान भावंडाची बाळोती नदीवर धुऊन आणणं हे कित्येक मुलींच्या शाळा सुटण्याचं एक कारण होतं. कापडाला पैसा लागत नव्हता, पण ते फुकट कधीच नव्हतं. बाईच्या आणि पोरीच्या वेळाला भाव नव्हता, म्हणून ते फुकट वाटे. आज कुणी ‘जुनं ते सोनं’ म्हणत सुनेला डायपर वापरण्यावरून बोलत असेल, तर धुणं कोण करणार हे आधी ठरवावं.

लंगोट कमी लागावेत म्हणूनही रीती होत्या. बाळाला दूध पाजून झालं की आई दोन्ही पाय पुढे पसरून त्याला पायांवर बसवे आणि तोंडानं ‘शू’ असा आवाज करी. चार-सहा महिन्यांत बाळाला त्याची सवय होई. कपाशीच्या वेचणीला गेलेली बाई बाळाला बाभळीच्या नाहीतर निंबाच्या फांदीला लुगड्याच्या झोळीत टांगे. झोळीच्या कापडातून ओल खाली झिरपे आणि वारा लागून ती वाळेही. जास्तीचे लंगोट तिथेच पऱ्हाटीवर वाळत घातलेले असत. ऑक्टोबर ते जानेवारीच्या वेचणीत हे सहज जमे. उन्हाळ्यात तर पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला की कापड वाळायला अर्धा तास पुरे, आणि उन्हातले अतिनील किरण जंतू मारतात ते वेगळंच. अवघड जाई ते पावसाळ्यात. श्रावणाच्या झडीत चार-चार दिवस ऊन नाही, तेव्हा शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर दुपटी पसरायची. निखाऱ्यांवर ओवा आणि वावडिंग टाकून बाळ-बाळंतिणीला धुरी देत, त्याच उबेत कापडही सुके. घराला धूर, डोळ्यांना पाणी, पण बाळ कोरडं.

पहिल्यांदा ही साखळी ताणली गेली ती दुसऱ्या महायुद्धात. लष्कराला कापड लागत होतं, गिरण्या तिकडे वळल्या, भाव भडकले आणि जून १९४३ मध्ये सरकारनं सुती कापड व सूत नियंत्रण आदेश काढला. ‘कंट्रोल’ हा शब्द खेड्यापाड्यात पोचला. कापूस पिकवणाऱ्या घरांत नेसायला लुगडं नाही अशी वेळ आली. नवं मिळत नाही तेव्हा जुनं टाकवत नाही. लुगडं बाईच्या अंगावरच शेवटपर्यंत राहतं, लंगोटापर्यंत पोचतच नाही. कापडाची टंचाई बाळाला नागडं ठेवते ती अशी, वरच्या पिढीकडून खाली येणारी धार आटवून. पण ती टंचाई तात्पुरती होती. पुढे मालेगावच्या यंत्रमागांची स्वस्त सुती पातळं आली, इचलकरंजीची धोतरं आली, आणि पेट्या पुन्हा भरल्या.

खरा खंड पडला तो सुबत्तेनं. १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोघांनी पॉलिस्टरचा धागा काढला, तो टेरिलीन नावानं जगभर पसरला. भारतात साठच्या दशकात तो बनू लागला, १९६६ मध्ये अहमदाबादजवळ नरोड्याला रिलायन्सची कापड गिरणी उभी राहिली, आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांत टेरिकॉट, नायलॉन, पॉलिस्टर खेड्यातल्या आठवडी बाजारापर्यंत आलं. वावरात राबणाऱ्या बाईनं ते आनंदानं घेतलं, आणि बरोबरच केलं. सुती लुगडं धुवायला जड, वाळायला वेळ, इस्त्री नाही तर चुरगळलेलं, वर्षा-दीड वर्षात विरणारं. सिंथेटिक साडी हलकी, झटकली की वाळली, रंग जात नाही, आणि वर्षानुवर्षं फाटत नाही. आज यवतमाळच्या कोणत्याही वावरात वेचणी करणाऱ्या बाया पाहा. सिंथेटिक साडी, वरून नवऱ्याचा जुना टेरिकॉटचा शर्ट, कमरेला कापसाची ओटी. ओटीत कापूस आहे, अंगावर नाही.

आणि फाटत नाही हाच बाळाच्या दृष्टीनं दोष. शिवाय फाटली तरी ती साडी लंगोटाच्या कामाची नाही. सर्वसाधारण हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओल धरून असतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. पॉलिस्टरचा लंगोट बांधला तर मूत कापडात न थांबता मांडीवरून खाली येतं आणि बाळ ओल्या डबक्यात पडून राहतं. त्यामुळे ऐंशीच्या दशकानंतर घरोघरी कपड्यांचे ढीग वाढले आणि जुनेर मात्र आटलं. मोहरमला, उरुसाला, मकरसंक्रांतीला जमलेल्या घरात सगळ्यांच्या पेट्या उघडल्या तरी दोन डझन लंगोट निघतील एवढं शुद्ध सुती मऊ कापड मिळणं कठीण झालं. उरलं ते म्हाताऱ्यांचं धोतर. धोतर नेसणारी पिढी जिल्ह्यात अजून आहे, आणि लंगोटाचा तोच शेवटचा भरवशाचा झरा आहे.

दरम्यान दुसरीकडे दुसरीच वंशावळ वाढत होती. विलायतेत १८२३ मध्ये चार्ल्स मॅकिन्टॉशनं दोन कापडांमध्ये रबर बसवून पाणी न झिरपणारं कापड केलं. आपल्या दवाखान्यांतलं आणि पाळण्यातलं मेणकापड त्याच कुळातलं. १८४९ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटनं सेफ्टी पिन काढली आणि तिचे हक्क ४०० डॉलरला विकून टाकले. दुसऱ्या महायुद्धानंतर मॅरियन डोनोव्हन या अमेरिकी आईनं न्हाणीघराच्या पडद्याचं कापड शिवणयंत्रावर घेऊन लंगोटावरची पाणी न गळणारी चड्डी तयार केली. १९६१ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलचा पॅम्पर्स आला, कागदाच्या लगद्याचा. ऐंशीच्या दशकात त्यात सोडियम पॉलिअॅक्रिलेटचे दाणे घातले गेले. हे दाणे स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी शोषून त्याचा घट्ट गर करतात. डायपर पातळ झाला आणि रात्रभर टिकू लागला तो या दाण्यांमुळे. नव्वदच्या दशकात हिंदुस्थान लिव्हर आणि किंबर्ली-क्लार्क यांनी भागीदारीत हगीज भारतात आणला, पुण्याजवळ त्याचा कारखाना निघाला. पुढे पॅम्पर्स आणि मामीपोको आले, आणि एक-दोन डायपरच्या छोट्या पाकिटांच्या माळा शाम्पूच्या पुड्यांशेजारी लटकू लागल्या. सुरुवातीला एसटीनं माहेरी जाताना, लग्नाला जाताना एखादा घेतला जाई. मग रात्रीसाठी, मग दिवसासाठीही.

डायपरनं यवतमाळच्या आयांना जे दिलं ते मी नाकारणार नाही. पाणी नसलेल्या गावात तो आधार आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात खुद्द यवतमाळ शहरात निळोणा आणि चापडोह धरणं आटली होती आणि लोक टँकरच्या रांगेत उभे होते. अशा दिवसांत रोज दहा-पंधरा लंगोट धुवा असं कुणाला सांगायचं? पण खर्चाचा हिशेब मात्र करायलाच हवा. एक डायपर दहा रुपयांना धरा, दिवसाला चार धरा. महिन्याला १,२०० रुपये. बाळ मोठं होईल तसा आकार वाढतो आणि भावही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणासाठी आईला ५,००० रुपये मिळतात, ते तिच्या पोषणासाठी. चार महिन्यांत तेवढे पैसे डायपरवर जातात. मग घरोघर जी काटकसर होते ती घातक असते. एकच डायपर दहा-बारा तास ठेवायचा. मूत आणि शी एकत्र राहिली की शीतले जंतू लघवीतल्या युरियाचा अमोनिया करतात, कातडीची आम्लता जाते, शीतली पाचकद्रव्यं कातडी खातात, आणि बाळाच्या जांघा सोलून निघतात. पैसा वाचवण्यासाठी उशिरा बदललेला महागाचा डायपर वेळेवर बदललेल्या फडक्यापेक्षा वाईट.

फेकायचं कुठं हा प्रश्न खेड्यात आणखी अवघड आहे. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी वापरलेले डायपर वेगळे गुंडाळून द्यायला सांगितलं आणि उत्पादकांनी त्यासाठी पिशवी द्यावी असंही म्हटलं. पण पुष्कळ गावांत घंटागाडी येत नाही. डायपर जातो उकिरड्यावर. उन्हाळ्यात उकिरडा उपसून शेणखत वावरात पांगवलं की त्याच्यासोबत प्लास्टिकच्या पट्ट्या आणि फुगलेला गर कपाशीच्या सऱ्यांत येतो. जिथून लंगोट उगवायचा त्याच मातीत आता डायपर पडून आहे.

कापडी लंगोटाकडे परत वळू पाहणाऱ्या आयाही आहेत, बहुतेक शहरांत. मुंबईत पल्लवी उटगी यांनी २०१६ मध्ये सुपरबॉटम्स ही कंपनी काढली. धुऊन पुन्हा वापरायचे, बटणांनी लहान-मोठे करता येणारे डायपर आता देशभर विकले जातात. बाहेर पाणी न गळणारं कापड, आत शोषणारी घडी. चांगली वस्तू आहे. पण एकेकाची किंमत काही शे रुपये, आणि संच लागतो किमान आठ-दहाचा. वर्षाकाठी हिशेब केला तर ते डायपरपेक्षा स्वस्तच पडतं, पण मजुरीवर जगणाऱ्या घराला सगळा पैसा एकदम काढणं जमत नाही. विकत घेताना एक गोष्ट मात्र बघावी. बाहेरचं आवरण पॉलिस्टरचंच असतं, ते ठीक. आतली घडी कापसाची आहे ना, हे विचारून घ्यावं.

कापड खरंच पर्यावरणाला हलकं आहे का, याचा ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेनं २००८ मध्ये हिशेब मांडला. अडीच वर्षांत एका बाळाचे टाकाऊ डायपर साधारण ५५० किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार टाकतात, आणि कापडी लंगोट सरासरी ५७०. म्हणजे फरक नाहीच. पण तिथला कापडी लंगोट गरम पाण्याच्या यंत्रात धुतला आणि काही प्रमाणात विजेच्या ड्रायरमध्ये सुकवला जातो. दोरीवर वाळवला, यंत्र भरून धुतलं आणि दुसऱ्या बाळालाही तेच वापरलं, तर त्यातले सुमारे २०० किलो कमी होतात, असं त्याच अहवालात आहे. यवतमाळात दोरीवर वाळवणं आणि पुन्हा वापरणं कुणाला शिकवावं लागत नाही. ऊन आहे, दोरी आहे, आणि थोरल्याची दुपटी धाकट्याला येतातच.

आणखी एका कारणासाठी मला पहिल्या महिन्यात कापडच हवं वाटतं. अंगावर दूध पिणाऱ्या बाळानं पहिल्या आठवड्यानंतर दिवस-रात्रीत किमान सहा वेळा लघवी केली तर दूध पुरतंय असं समजावं, ही साधी खूण आहे. लंगोट ओला झाला की आईला लगेच कळतं, मोजता येतं. डायपरमध्ये तीन वेळची लघवी एकात जिरते आणि मोजदाद बुडते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं नव्वदच्या दशकात गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं आणि तिथले बालमृत्यू मोठ्या प्रमाणात घटले. पुढे देशभर आशाताई त्याच वाटेनं बाळाला भेटायला जाऊ लागल्या, तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा. त्या भेटीत बाळ किती वेळा लघवी करतं हे विचारलं तर लंगोट मोजणाऱ्या आईकडे नेमकं उत्तर असतं.

जुनेर मागताना जी काळजी जुन्या बायांना घ्यावी लागत नसे, ती आता आपल्याला घ्यावी लागते. २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं गेले आणि शेकडो दवाखान्यात पडले. फवारणीच्या वेळी घातलेलं बनियन, धोतर, पंचा कितीही मऊ झालेला असला तरी बाळाला वापरायचा नाही. तो बाळाच्या कापडांसोबत एका बादलीतही धुवायचा नाही. आजोबांचं धोतर घ्यावं ते गावात फिरायचं, वावरातलं नव्हे.

नव्यानं करायचं तर खर्च मोठा नाही. मांजरपाटाचा पन्हा साधारण नव्वद सेंटिमीटरचा. एका मीटरमधून हातभराच्या आसपासचे चार चौकोन निघतात, सहा मीटरांत दोन डझन. मीटरला साठ-सत्तर रुपये धरले तर चारशेच्या आसपास काम होतं, आणि दोन बाळांना ते पुरतं. त्रिकोणी घडी, वर नाडी किंवा पिन, खाली मेणकापड. रात्री किंवा प्रवासात एखादा विकतचा डायपर घातला तर त्यात कमीपणा नाही. धुताना कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव टाकू नये, त्याचा थर सुतावर बसतो आणि शोषण घटतं. साबण निघेपर्यंत खळबळावं, आठवड्यातून एकदा उकळावं, उन्हात घालावं.

राज्य सरकारनं २०१९ पासून सरकारी दवाखान्यात जन्मणाऱ्या पहिल्या बाळासाठी सुमारे दोन हजार रुपयांची बेबी केअर किट द्यायला सुरुवात केली. त्या पेटीत यवतमाळच्या बचत गटांनी शिवलेले दोन डझन सुती लंगोट घालावेत, अशी माझी मागणी आहे. जिल्ह्यात कापूस आहे, शिलाई यंत्रं आहेत, शिवणाऱ्या बाया आहेत. आणि कापूस उंची नसला तरी चालेल. आखूड धाग्याचा, जाडसर देशी कापूस सूतगिरणीला नको असतो, पण पाणी शोषण्यात तो सरस, म्हणूनच दवाखान्यातल्या कापसाला त्यालाच मागणी असते. एक काम मात्र चुकवता येणार नाही. लंगोट पेटीत घालण्याआधी ते सोडा घालून चार-पाच वेळा उकळून, उन्हात वाळवून द्यावे लागतील. ते कोरेच दिले तर पहिल्या पंधरवड्यात पाणी धरणार नाहीत, बाळ ओलं राहील आणि आई दुकानाकडे वळेल.